पाठवण्याआधी बॅच नंबर बघितलात?

आज सोसायटीच्या ग्रुपवर परत तेच! ‘पी-500 लिहिलेली पांढरीशुभ्र, चकचकीत पॅरासिटामॉल घेऊ नका, त्यात माचुपो व्हायरस आहे.’ सोबत अंगभर फोड आलेल्या कुणाचा तरी फोटो. खाली हात जोडलेल्यांची रांग. अहो, 2017 पासून फिरतंय हे! माचुपो बोलिव्हियातला, तिथल्या उंदरांकडून पसरणारा. कोरड्या गोळीत तो जगेल कसा? आणि हे कुठे, तर म्हसरूळला आरोग्य विद्यापीठ असलेल्या आपल्या नाशकात.

मला राग येतो तो मावशीमुळे. सिडकोत एकटी राहते. ‘बीपीची गोळी किडनी खाते’ असं कुणीतरी पाठवलं, हिनं गोळ्या बंद केल्या. कुणाला पत्ता नाही. भाजी घेताना चक्कर येऊन पडली, कपाळाला टाके पडले, तेव्हा कळलं. पिठाच्या डब्यामागे स्ट्रिपा तशाच, एकही गोळी फोडलेली नाही. किडनी खराब होते ती बीपी वाढलेलं राहिलं की! पण ते कोण फॉरवर्ड करणार?

हो, खरे इशारेही येतात. सप्टेंबर-ऑक्टोबर 2025 मध्ये कोल्ड्रिफ या खोकल्याच्या सिरपनं मध्य प्रदेशात छिंदवाड्यातली लेकरं गेली. पण आपल्या राज्याच्या एफडीएचा, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाचा, इशारा आठवा: औषधाचं नाव, कंपनी, बॅच (एकाच वेळी बनवलेला लॉट) एसआर-13, उत्पादनाची तारीख, एक्स्पायरी, सगळं होतं. सीडीएससीओ, म्हणजे केंद्राची औषध नियंत्रण संस्था, दर महिन्याला नापास औषधांची यादी काढते, त्यातही बॅच असते. म्हणजे ती बॅच वाईट, जगातली प्रत्येक गोळी नव्हे. फॉरवर्डमध्ये काय असतं? ‘एका मोठ्या डॉक्टरांनी सांगितलंय’ आणि ‘ताबडतोब सगळ्यांना पाठवा’. तारीखसुद्धा नसते.

मावशीला तो मेसेज भजनी मंडळातल्या मैत्रिणीनं पाठवला होता. बिचारी नंतर डबा घेऊन भेटायला आली, रडली. तिच्यावर काय चिडणार? डॉक्टरांकडे बोलायला दोन मिनिटं मिळतात, फोन दिवसभर बोलतो.

पण ‘ताई, काळजीपोटी पाठवलं, एवढं काय त्यात’ असं मला आज ज्यांनी सुनावलं, त्यांनी मावशीचं कपाळ बघून जावं.

शंका आली तर स्ट्रिप घेऊन कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जा, गोळी बंद करण्याआधी डॉक्टरांना विचारा. औषधाचा खरंच त्रास झाला असेल तर सरकारची हेल्पलाइन आहे, 1800-180-3024. तिथे जरूर कळवा. त्यांच्या फॉर्मवर बॅच नंबरचा रकाना असतो.