चार तासांपूर्वीचा शत्रू

शत्रूचा ताफा सूर्यमालेच्या कडेला दिसतो. दिसतो म्हणजे, चार तासांपूर्वी जिथं होता तिथं दिसतो, कारण नेपच्यूनइतक्या लांबून सूर्याजवळ प्रकाश पोचायला साधारण तेवढाच वेळ लागतो. समजा, आपणही आत्ताच इथं दाखल झालोय. आपण त्यांना दिसणार आणखी चार तासांनी. दिसल्यावर त्यांनी काय केलं, ते आपल्याला कळणार त्याच्याही चार तासांनंतर. या आठ तासांत जहाजावर करायचं काय? जेवायचं, झोप येते का बघायचं, इंधनाचे आकडे पुन्हा एकदा तपासायचे आणि समोरचा कमांडर भित्रा असेल की आततायी, यावर स्वतःशीच पैजा लावत बसायचं.

मिलिटरी स्पेस ऑपेरा, म्हणजे अंतराळातल्या युद्धांच्या कादंबऱ्या, का वाचतोस, असं विचारणाऱ्या मित्रांना मी लेझर आणि स्फोटांबद्दल काही सांगत नाही, हे आठ तास सांगतो. मग ते म्हणतात, बरं, एखादं पुस्तक सुचव. इथं माझी पंचाईत होते. कारण या प्रकारातल्या बहुतेक पुस्तकांत हे आठ तास लेखकानंच गिळून टाकलेले असतात.

'स्पेस ऑपेरा' ही मुळात शिवी. अमेरिकी लेखक विल्सन टकर यांनी 1941 मध्ये ती रद्दड, घिस्यापिट्या अंतराळयान-कथांना घातली. रेडिओवरच्या रडक्या मालिका म्हणजे सोप ऑपेरा, काउबॉयच्या गोष्टी म्हणजे हॉर्स ऑपेरा, त्याच चालीवर हे. पुढं शिवीचंच बिरुद झालं. त्याला 'मिलिटरी' जोडलं की हुद्दे, हुकूम, रसद यांच्यासकट, सैनिकाच्या नजरेतून गोष्ट सांगण्याची हमी मिळते. हमी मिळते, इतकंच.

ती पाळणारी मालिका म्हणजे जॅक कॅम्पबेल यांची 'द लॉस्ट फ्लीट'. कॅम्पबेल हे टोपणनाव, लेखक स्वतः अमेरिकी नौदलातले निवृत्त अधिकारी. पहिला भाग 2006 चा. शंभर वर्षं शीतनिद्रेत तरंगत राहिलेला कॅप्टन गिअरी सापडतो, शुद्धीवर येतो, आणि शत्रूच्या मुलुखात खोलवर अडकलेला अख्खा ताफा सेवाज्येष्ठतेच्या नियमानं त्याच्या गळ्यात पडतो. युद्ध शंभर वर्षं चालूच आहे. या काळात अनुभवी अधिकारी इतके मेलेत की युद्धविद्या पुढच्या पिढीला शिकवायला कोणी उरलेलंच नाही. कॅप्टनांना व्यूह धरून लढणं ठाऊक नाही. शत्रू दिसला की ज्यानं त्यानं सुसाट सुटायचं, यालाच ते शौर्य समजतात. लांबलेलं युद्ध सैन्याला तरबेज करतं असं आपण गृहीत धरतो. इथं ते सैन्याला अडाणी करून ठेवतं. या एका कल्पनेसाठी मी लेखकाला बरंच काही माफ केलंय. लढायाही चोख, प्रकाशाच्या उशिराचा हिशेब धरून लढलेल्या. दूरच्या जहाजाला हुकूम मिनिटांनी पोचणार, म्हणून त्यानं कधी वळायचं ते आधीच ठरवून द्यावं लागतं.

माफ काय केलं तेही सांगतो. प्रकाश उशिरा पोचतो ही गोष्ट प्रत्येक भागात पहिल्यांदाच कळल्यासारखी समजावून दिलीय. माणसं सगळी एकाच आवाजात बोलतात. तिसऱ्या भागापर्यंत लढाईची वळणं मला पाठ झाली होती. तरी पहिल्या मालिकेतले सहाही भाग वाचले, हेही कबूल करतो.

या प्रकाराला शिडाच्या जहाजांची ओढ आहे, आणि ती नुसत्या हौसेपोटी नाही. त्या काळी बंदर सुटलं की कॅप्टनच राजा, कॅप्टनच न्यायाधीश, कारण बातमी जहाजाच्याच वेगानं चालायची. ब्रिटन आणि अमेरिका यांच्यातल्या तहावर 24 डिसेंबर 1814 ला सह्या झाल्या. न्यू ऑर्लिन्सची लढाई झाली 8 जानेवारी 1815 ला, कारण तहाची खबर अजून समुद्रातच होती. शेकडो माणसं त्या उशिरापायी मेली. पुढं तारयंत्र आलं आणि कॅप्टनचं ते एकाकी राज्य गेलं. अंतराळ ते लेखकाला परत मिळवून देतं.

डेव्हिड वेबर यांनी तर त्यासाठी भौतिकशास्त्रच नव्यानं रचलं. 'ऑन बॅसिलिस्क स्टेशन' (1993) ही उघडउघड सी. एस. फॉरेस्टर यांच्या शिडाच्या जहाजांवरच्या कादंबऱ्यांचा नायक होरेशिओ हॉर्नब्लोअर याला केलेली मानवंदना आहे. नायिका ऑनर हॅरिंग्टन, आद्याक्षरंसुद्धा जुळवलेली. तिच्या जगात जहाजाच्या वर आणि खाली गुरुत्वाचे अभेद्य पट्टे असतात, नाक आणि शेपटी मात्र उघडी. मग काय, जहाजांना बाजूला बाजू भिडवून मारा करावा लागतो, अगदी 1805 च्या ट्रॅफल्गरच्या सागरी लढाईसारखा. हसू येतं, पण दादही द्यावीशी वाटते. एकदा मांडलेला नियम लेखक मुकाट पाळतो, सोयीसाठी वाकवत नाही.

पण मला त्यात सगळ्यात आवडला तो भाग लढाईचा नाहीच. वरिष्ठांची खप्पामर्जी झालेल्या ऑनरला एका आडबाजूच्या चौकीवर धाडतात आणि तिथं ती करते काय, तर कस्टमची तपासणी! मालाचे कागद, तस्कर, अपुरी माणसं, तोंड पाडून बसलेले अधिकारी. तेच कंटाळवाणं काम चोख करता करता तिला एका कटाचा वास लागतो. सैन्यातलं आयुष्य मुख्यतः कामाचं असतं, मरण त्यात अधूनमधून येतं, हे इतक्या मन लावून लिहिणारे थोडेच.

मग शेवटचा पाठलाग सुरू होतो. जहाज फुटतंय, माणसं मरतायत, आपण श्वास रोखून बसलोय, आणि ऐन त्याच वेळी लेखक अतिप्रकाशवेगी प्रवासाचा इतिहास सांगायला बसतो. पानंच्या पानं! नमनाला घडाभर तेल जाळणारे बरेच पाहिले होते, नाटक रंगात आल्यावर नमन म्हणणारा हा पहिलाच.

हे सगळं मी हसून सोडून देतो. माझं खरं भांडण वेगळं आहे. पुढच्या पुढच्या भागांत नायिका चुकायचीच थांबते, आणि हा रोग एकट्या वेबरांचा नाही, सगळ्या प्रकाराला जडलेला आहे. नायकाचा अंदाज दर वेळी बरोबर, त्याच्याशी असहमत असलेला प्रत्येक जण मूर्ख किंवा फितूर. लष्कराचा खर्च कमी करा म्हणणारा मंत्री आला की ओळखायचं, हा एकतर भित्रा निघणार, नाहीतर विकला गेलेला. वेबरांच्या शत्रुराष्ट्रात क्रांती करणाऱ्या पुढाऱ्याचं नाव रॉब एस. पिएर आहे. म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीतला रोबेस्पिएर. होय, खरंच. असल्या जगात ते आठ तास बिनकामाचे होतात. उत्तर लेखकानं नायकाच्या कानात आधीच सांगून ठेवलंय, मग वाट कशाची बघायची?

याच्या उलट योशिकी तनाका यांची 'लेजंड ऑफ द गॅलॅक्टिक हीरोज' ही दहा खंडांची जपानी मालिका (1982 ते 1987). लढाया बुद्धिबळाच्या पटावर मांडल्यासारख्या सपाट, तिसरी मिती जणू रजेवर गेलेली. पण त्यातला सेनानी यांग वेन-ली याला इतिहासकार व्हायचं असतं, फुकट शिकायला मिळतं म्हणून तो लष्करी अकादमीत शिरतो आणि अडकतो. ज्यांच्यासाठी तो लढतो ते निवडून आलेले पुढारी नालायक, आणि ज्याच्याशी लढतो तो सम्राट कर्तबगार. मग लढायचं कशाला, हा प्रश्न लेखक दहा खंडांत कुठंही गुंडाळून ठेवत नाही. इथं राजकारण्यांना शिव्या घालून सुटका होत नाही.

विज्ञानाच्या चुकांवर मी फार रुसत नाही. निर्वात पोकळीत उष्णता फक्त प्रारणानंच बाहेर टाकता येते, त्यामुळे तापलेलं इंजिन घेऊन गुपचूप सरकणारं जहाज ही लबाडीच, चालायचंच. सेकंदाला तीन किलोमीटर वेगानं येणाऱ्या एक किलोच्या दगडात साधारण एक किलो टीएनटी या स्फोटकाइतकी ऊर्जा असते, आणि वेग दसपट झाला की शंभरपट. म्हणजे दगड पुरे, दारूगोळा कशाला? तेही चालायचं. बाजारबुणगे दिसत नाहीत, हे मात्र खटकतं. लाखांचं सैन्य निघतं, त्याला खायला कोण घालतं? लोइस मॅकमास्टर बुजोल्ड यांच्या 'द वॉरियर्स अप्रेंटिस' मध्ये पोरसवदा माइल्स थापा मारत मारत भाडोत्री ताफा उभा करतो आणि मग पगारावर अडतो. मिळालेलं चलन कवडीमोलाचं निघतं. त्या प्रसंगात जितका ताण आहे तितका दहा क्षेपणास्त्र-माऱ्यांत नसतो.

जो हॉल्डमन यांनी उशीर लढाईतून उचलला आणि थेट आयुष्यात नेऊन ठेवला. ते व्हिएतनाममध्ये लढले, जखमी झाले, आणि 'द फॉरेव्हर वॉर' ही त्यांची कादंबरी 1974 मध्ये पुस्तकरूपात आली. प्रकाशवेगाजवळच्या प्रवासामुळे तिच्या नायकाची, सैनिक मँडेलाची, मोजकीच वर्षं जातात, पृथ्वीवर मात्र हजारावर वर्षं उलटतात. समोर येणारा शत्रू आपल्या भविष्यातली शस्त्रं घेऊन येऊ शकतो. परत यावं तर घर ओळखीचं उरलेलं नाही. बिचारा पुन्हा सैन्यात जातो, कारण समजेल असं जग तेवढंच शिल्लक आहे.

आणि बुजोल्डचंच 'शार्ड्स ऑफ ऑनर' (1986). मुख्य गोष्ट संपते, युद्ध संपतं, आणि शेवटी एक छोटंसं प्रकरण येतं. एक तरुण वैमानिक आणि एक वैद्यकीय तंत्रज्ञ बाई लढाई झालेल्या जागी तरंगणारी प्रेतं गोळा करत फिरतायत. आपली आणि शत्रूचीही. ती प्रत्येकाला स्वच्छ करते, ओळख पटवते, नीट निजवते, त्यांच्याशी बोलते. तरुणाला आधी त्याची शिसारी येते. एक गोळी सुटत नाही. पुढं काय होतं ते सांगत नाही, वाचा.

ते वाचून झाल्यावर त्याच रात्री मी अर्धवट राहिलेल्या दुसऱ्या एका मालिकेचा नववा खंड उघडला. एका परिच्छेदात लढाई आटोपली, लाखो माणसं एका वाक्यात मेली आणि पुढच्या ओळीत नायकाला बढती मिळाली. मी चार पानं मागं गेलो, मेलेल्यांपैकी कुणाचं नाव आलंय का बघायला. नव्हतं. दहावा खंड मागवलाय.