‘संसद सर्वोच्च, न्यायालय कोण?’ : त्या मेसेजला उत्तर

सध्या एक मेसेज खूप फिरतोय. आधी सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग नातेवाइकांच्या. त्याचा सारांश असा : संसद जनतेने निवडलेली, म्हणून ती सर्वोच्च. न्यायाधीशांना कोणी मत दिलेलं नाही, तरी ते कायदे रद्द करतात, हा जनतेचा अपमान. न्यायाधीशांना जाब विचारणारं कोणी नाही. आणि इंग्लंडमध्ये असलं काही चालत नाही. पाठवणारी माणसं माझ्या जिव्हाळ्याची आहेत, म्हणूनच गप्प बसवेना.

‘संसद सर्वोच्च’ हे वाक्य आपल्या संविधानात कुठेही नाही. उलट अनुच्छेद 13 सांगतो की मूलभूत हक्क काढून घेणारा किंवा त्यांचा संकोच करणारा कायदा राज्याने करायचा नाही, आणि केलाच तर तेवढ्यापुरता तो रद्दबातल. ही वेसण न्यायाधीशांनी घातलेली नाही, संविधान सभेनेच घातली. हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागू देणाऱ्या आजच्या अनुच्छेद 32 ला तर बाबासाहेबांनी डिसेंबर 1948 मध्ये संविधानाचा आत्मा म्हटलं होतं.

संसद घटनादुरुस्ती करू शकते, पण घटनेची पायाभूत चौकट मोडू शकत नाही, हे मात्र 1973 च्या केशवानंद भारती खटल्यात न्यायालयाने ठरवलं. 13 न्यायमूर्ती, निकाल 7 विरुद्ध 6. त्यावर वाद घालायला जागा आहे, हे मला मान्य आहे. पण पुढच्या दोन-अडीच वर्षांतच काय घडलं ते पाहा. 12 जून 1975 रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची लोकसभेची निवडणूक रद्द केली. अपिलाची सुनावणी 11 ऑगस्टला होती. 7 ऑगस्टला लोकसभेने 39वी घटनादुरुस्ती मंजूर केली, 8 ला राज्यसभेने, 9 ला राज्यांच्या विधानसभांनी, आणि 10 ला राष्ट्रपतींची सही झाली. पंतप्रधानांच्या निवडणुकीला न्यायालयात आव्हानच देता येऊ नये, यासाठी ही चार दिवसांची धावपळ! आणीबाणी लागू होती आणि विरोधी पक्षांचे कित्येक नेते तेव्हा तुरुंगात होते. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्तीतला तो भाग रद्द केला. इंदिरा गांधींची निवडणूक मात्र बदललेल्या निवडणूक कायद्याच्या आधारे कायम ठेवली, हेही सांगायला हवं.

आता ‘जनतेचा अपमान’. 5 जुलै 2021 रोजी महाराष्ट्र विधानसभेने तालिका अध्यक्षांशी (अध्यक्षांच्या जागी कामकाज चालवणाऱ्या सदस्याशी) गैरवर्तनाच्या आरोपावरून भाजपचे 12 आमदार वर्षभरासाठी निलंबित केले. ठराव निवडून आलेल्या सभागृहाचा, बहुमताचा. पण यात मतदाराचं काय झालं? आमदाराला काढून टाकलं तर जागा रिकामी होते आणि सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते. निलंबनात जागा रिकामी होत नाही, म्हणून पोटनिवडणूक नाही, आणि आमदारही सभागृहात नाही. म्हणजे बारा मतदारसंघांचा पाणीप्रश्न, पीकविमा, रस्ता मांडायला वर्षभर कोणी नाही. 28 जानेवारी 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नेमकं यावर बोट ठेवलं : हे निलंबन बडतर्फीपेक्षाही वाईट आहे, चालू अधिवेशनापलीकडे ते टिकणार नाही. इथे मतदारांची बाजू कोणी राखली? ज्यांना कोणी मत दिलं नव्हतं त्या न्यायमूर्तींनी. पक्ष कोणता, हा माझ्या लेखी मुद्दाच नाही. उद्या बाकं बदलली तरी हाच नियम लागू राहील.

‘न्यायाधीशांना जाब विचारणारं कोणी नाही’ यात अर्धं खरं आहे, आणि ते टाळू नये. न्यायाधीश नेमण्याची आजची कॉलेजियम पद्धत, म्हणजे ज्येष्ठ न्यायाधीशांनीच नवे न्यायाधीश निवडायचे, ती बंद दाराआडची आहे. त्यांना पदावरून काढायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात, आणि आजवर एकालाही त्या मार्गाने शेवटपर्यंत काढलेलं नाही. पण 2011 मध्ये राज्यसभेने न्या. सौमित्र सेन यांच्याविरुद्ध ठराव मंजूर केला, तेव्हा लोकसभेची पाळी येण्याआधीच त्यांनी राजीनामा दिला.

न्यायालय चुकतं तेव्हा काय होतं, हेही आणीबाणीनेच दाखवलं. आणीबाणीत डांबलेल्यांना न्यायालयात दाद मागता येते का, याचा खटला सर्वोच्च न्यायालयात चालू होता. पोलिसाने वैयक्तिक वैरातून एखाद्याचा जीव घेतला तर दाद कुठे मागायची, असं न्या. एच. आर. खन्नांनी भर न्यायालयात विचारलं. आणीबाणी असेपर्यंत कुठेच नाही, असं सरकारची बाजू मांडणारे महान्यायवादी नीरेन डे यांचं उत्तर. तरीही एप्रिल 1976 मध्ये चार न्यायमूर्ती सरकारच्या बाजूने गेले. एकटे खन्ना विरोधात उभे राहिले. ही चूक दुरुस्त केली ती निवडून आलेल्या संसदेने. 1978 च्या 44व्या घटनादुरुस्तीनंतर जगण्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येत नाही.

इंग्लंडचं थोडक्यात. तिथे न्यायालय संसदेचा कायदा रद्द करत नाही, हे खरं. पण तिथे आपल्यासारखी एकसंध लिखित राज्यघटनाच नाही. आणि सप्टेंबर 2019 मध्ये पंतप्रधानांच्या सल्ल्याने राणीने संसद तहकूब केली, तेव्हा तिथल्या सर्वोच्च न्यायालयात खटला ऐकणाऱ्या अकराच्या अकरा न्यायाधीशांनी ते बेकायदा ठरवलं.

राहिला या सगळ्यामागचा ‘न्यायालयाने एकदा नाही म्हटलं की संपलं’ हा समज. 5 मे 2021 रोजी मराठा आरक्षणाचा कायदा रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने असाही अर्थ लावला, की मागास वर्ग ठरवण्याचा अधिकार राज्यांकडे उरलेला नाही. त्यावर ऑगस्टमध्ये संसदेने 105वी घटनादुरुस्ती करून तो अधिकार राज्यांना परत दिला. आरक्षणाची पन्नास टक्क्यांची मर्यादा मात्र या दुरुस्तीने हलवली नाही. लोकसभेत बाजूने 385 मतं पडली, विरोधात एकही नाही.