चॅटबॉटला तर्काची कोडी घालताना पाळायची पथ्यं

चॅटबॉटला तर्कशास्त्र कोळून पाजलेलं आहे, असा तुमचा विश्वास आहे ना? तो टिकवायचा असेल तर कोडं पुस्तकातलंच घाला, आणि त्यातला शब्दही इकडचा तिकडे करू नका. दोन दारं, दोन पहारेकरी. एक कायम खरं बोलणारा, दुसरा कायम खोटं. एका दाराआड सुटका, दुसऱ्याआड मरण, आणि प्रश्न एकच विचारायचा. हे जसंच्या तसं दिलंत की उत्तर धडाधड येतं: “सुटकेचं दार म्हणून तुझा जोडीदार कोणतं दाखवेल, असं विचारा आणि त्याच्या उलट दार उघडा.” वा! इथेच थांबा.

‘दोघंही खरंच बोलतात’ एवढा बदल चुकूनही करू नका. काही चॅटबॉट तरीही तोच आडवळणाचा प्रश्न विचारायला सांगतात आणि तुम्हाला उलट दाराकडे पाठवतात. दोघंही प्रामाणिक, म्हणजे दाखवलेलं दार खरोखरच सुटकेचं होतं. तुम्ही मात्र क्रमवार मुद्द्यांतून, ठळक अक्षरांतून थेट मरणाच्या दारात. (मांडणी सुबक असते, हे कबूल करायला हवं.)

स्टीव्ह सेल्विन यांनी १९७५ साली मांडलेलं माँटी हॉलचं कोडं घ्या: तीन बंद दारं, एकामागे गाडी; तुम्ही एक निवडता, गाडी कुठे आहे हे ठाऊक असलेला सूत्रसंचालक उरलेल्यांतलं गाडी नसलेलं एक दार उघडतो आणि विचारतो, ‘बदलायचंय?’ इथेही दारं काचेची आहेत असं सांगायला जाऊ नका. निवडलेल्या दारामागे गाडी लख्ख दिसत असताना ‘दार बदला, शक्यता दोन-तृतीयांश होते’ हे ऐकावं लागू शकतं. ॲलिसला तीन भाऊ आणि दोन बहिणी, तर तिच्या भावाला बहिणी किती? असल्या पोरकट प्रश्नावर २०२४ मध्ये नावाजलेली मॉडेलं अडखळली. ॲलिसलाच मोजायची राहिली!

नवी मॉडेलं यातलं बरंच सोडवतात, असं कुणीतरी सुनावेलच. सोडवतातही. पण आता या फसव्या आवृत्त्याही इतक्या गाजल्यात, की त्यांच्या वाचनात आल्या असणारच. तेव्हा स्वतःच्या डोक्याने नवी आवृत्ती काढण्याचा आगाऊपणा नको.

त्यापेक्षा ज्यांच्या उत्तरावर तत्त्वज्ञांचंच एकमत नाही, अशी कोडी घ्या. ‘हे वाक्य खोटं आहे’ म्हणा. १९३३ चे तर्कशास्त्रज्ञ टार्स्की येतील, भाषेच्या पायऱ्या लावतील: खालच्या पायरीवरच्या वाक्याचा खरेखोटेपणा वरच्या पायरीवरूनच सांगायचा. १९७५ चे तत्त्वज्ञ क्रिपकी येऊन वाक्याला ना खरं ना खोटं ठरवतील. न्यूकमच्या कोड्यात एका खोक्यात थोडे पैसे नक्की असतात; दुसऱ्या, बंद खोक्यात मोठं घबाड असतं, पण तुम्ही तो एकटाच घ्याल असं अचूक भाकीत करणाऱ्याला आधीच वाटलं असेल तरच. तो एक खोका घ्यावा की दोन्ही, हा वाद तत्त्वज्ञ नोझिक यांनी १९६९ मध्ये छापून आणला, तो अजून मिटलेला नाही. चॅटबॉट दोन्ही बाजू मांडून ‘हे तुमच्या दृष्टिकोनावर अवलंबून आहे’ म्हणेल. चूक काढणार कोण?

अगदीच राहवलं नाही, तर बरोबर उत्तरावर नुसतं “नक्की?” विचारा. “तुमचा मुद्दा अगदी योग्य आहे, क्षमस्व” म्हणत तो कोलांटउडी मारू शकतो. मारलीच, तर घाबरू नका. एखादं विधान आणि त्याचा नकार दोन्ही मान्य केले, की अभिजात तर्कशास्त्रानुसार त्यातून वाट्टेल तो निष्कर्ष निघतो. ते दोन्ही आता तुमच्या स्क्रीनवर आहेत. हवा तो निष्कर्ष लगेच मागून घ्या.