कॉर्सेट आवळण्याआधी श्वास भरा

ऑपेरात गाणाऱ्या ड्रॅग कलाकारांवरचा एक लेख वाचला. ड्रॅगमुळे, म्हणजे दुसऱ्या लिंगाचा भडक वेष करून सादर होणाऱ्या कलेमुळे, ऑपेराला पहिल्यांदाच लिंगभावाशी खेळता आलं, हे त्यातलं विधान काही पटलं नाही. मोझार्टच्या 'फिगारो' या ऑपेरात (1786) केरुबिनो या पोराची भूमिका बाईच गाते, आणि वर त्या पोराला बायकी कपडे चढवायचा घाट रंगमंचावरच घातला जातो. ड्रॅगने नवीन काय आणलं, तर हीच लबाडी प्रेक्षकाला डोळा मारून करणं. तेही काही कमी नाही म्हणा.

लेखात सुटलेली खरी अडचण कॉर्सेटची, म्हणजे कंबर आवळणाऱ्या नाडीच्या पट्ट्याची. लिपसिंकला, म्हणजे वाजणाऱ्या गाण्यावर नुसते ओठ हलवताना, घट्ट आवळलेला खपतो. ऑपेरा गाताना मात्र खालच्या बरगड्या बाजूंना फुलाव्या लागतात. म्हणून माप पूर्ण श्वास भरून घ्यायचं, नाडीही श्वास भरलेला असतानाच बांधायची, आणि कंबर बारीक दिसण्यासाठी आवळण्यापेक्षा नितंबांवरचा फोम वाढवायचा. नाहीतर श्वास वर छातीत अडकतो, खांदे उचलले जातात आणि लांब ओळीचा शेवटचा सूर हमखास उतरतो. विगची जाळीही कानांवर ओढू नये. स्वतःचा आवाज दबका ऐकू येतो आणि गायक उगाच जोर लावत बसतो. कानशिलाजवळचा गोंद जबडा पूर्ण उघडून लावावा. तोंड मिटून चिकटवलेली कड वरच्या पट्टीतल्या पहिल्याच सुराला सुटते.