स्टेंट बसवलेल्या माणसाला 'जुनी पॉलिसी सोडा' सांगणारा मेसेज

"आयआरडीएआयचा नवा नियम! आजार कुठलाही असो, आता कोणतीही कंपनी पोर्टिंग नाकारू शकत नाही. जुनी महाग पॉलिसी सोडा, 25 लाखांची नवी घ्या, पहिल्या दिवसापासून सगळं कव्हर. फॉर्ममध्ये आजार नाही लिहिला तरी चालतं, 5 वर्षांनंतर कंपनी काही विचारूच शकत नाही."

हा मेसेज आमच्या स्टेंट बसवलेल्या मामांपर्यंत पोहोचला आणि त्यांनी रिन्यूअलचा चेक थांबवून ठेवला. म्हणून लिहावं लागतंय.

नियम कुठला, तर आयआरडीएआयचं, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी नियामकाचं, 29 मे 2024 चं आरोग्य विम्यावरचं मास्टर सर्क्युलर. त्यात काय आहे? पोर्टिंगची, म्हणजे झालेली वर्षं न गमावता पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेण्याची, विनंती आली की जुन्या कंपनीने 72 तासांत तुमची माहिती आणि क्लेमचा इतिहास पोर्टलवरून द्यायचा, आणि ती मिळाल्यापासून 5 दिवसांत नव्या कंपनीने निर्णय कळवायचा. निर्णय कळवायचा! होच म्हणायचं, असं त्यात कुठेही नाही. नवी कंपनी तुमचे रिपोर्ट बघून नकार देऊ शकते किंवा जादा प्रीमियम लावू शकते. नुकतीच अँजिओप्लास्टी झालेली असेल, केमो किंवा डायलिसिस चालू असेल, तर बहुतेक ठिकाणी नकारच येतो. जुन्या कंपनीला मात्र 'तुम्ही क्लेम घेतलात' म्हणून रिन्यूअल नाकारता येत नाही. आजारी माणसाच्या हातातला हा सगळ्यात भक्कम हक्क, आणि मेसेज नेमका तोच सोडायला सांगतोय.

आता त्यातलं सगळ्यात घातक वाक्य, आजार न लिहिण्याचं. पोर्ट करताना तुमचा क्लेमचा इतिहास जुन्या कंपनीकडूनच जाणार आहे, तेव्हा लपवणार कुणापासून? समजा कॅशलेस कधी घेतलंच नव्हतं, सगळा खर्च खिशातून केला. तरी पुढच्या ॲडमिशनला डॉक्टर केसपेपरवर लिहितात, "के/सी/ओ डीएम, एचटीएन 8 वर्षं, पीटीसीए 2021", म्हणजे मधुमेह आणि रक्तदाब 8 वर्षांपासून, अँजिओप्लास्टी 2021 मध्ये. ही ओळ डिस्चार्ज समरीत जाते आणि क्लेम तपासणारा आधी तीच बघतो. मग प्रपोजल फॉर्म काढला जातो. 'हृदयविकार, मधुमेह, रक्तदाब आहे का?' याच्यापुढे 'नाही' आणि खाली तुमची सही. क्लेम जातो, पॉलिसीही रद्द होऊ शकते. फॉर्म एजंटने भरला होता, हे तिथे चालत नाही. सही तुमची असते. म्हणून सही करण्याआधी प्रत्येक उत्तर स्वतः वाचा. आजार, वर्ष, गोळीचं नाव आणि डोस लिहा, त्या फॉर्मची प्रत स्वतःकडे ठेवा.

5 वर्षांच्या गोष्टीत अर्धं सत्य आहे, ते मान्य करतो. 60 महिने सलग झाले की माहिती दिली नाही या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही. पूर्वी ही मुदत 8 वर्षं होती, पोर्ट केलं तरी झालेले महिने धरले जातात, आणि ही सुधारणा खरोखर चांगली आहे. पण सिद्ध झालेली फसवणूक त्यातून वगळलेली आहे. छातीत स्टेंट असताना जाणूनबुजून 'नाही' लिहिणं याला कंपनी फसवणूकच म्हणणार. शिवाय हृदयाचा आजार पहिली 5 वर्षं थांबून राहील, याची हमी कोण देणार?

'पहिल्या दिवसापासून 25 लाख' हेही खोटं. आधीच्या आजारांचा वेटिंग पिरियड, म्हणजे त्यांचा खर्च मिळू लागेपर्यंत थांबायचा काळ, आता जास्तीत जास्त 3 वर्षं आहे, आणि जुन्या पॉलिसीत तो पूर्ण झाला असेल तर पोर्टिंगमध्ये तो हिशेबात येतो. पण जुन्या रकमेपुरताच. 5 लाखांची पॉलिसी आणि 1 लाख बोनस असेल तर 6 लाखांपुरता. वरच्या 19 लाखांवर जुन्या आजारासाठी घड्याळ नव्याने सुरू. पोर्ट केल्यावर दुसऱ्याच वर्षी 9 लाखांची बायपास झाली, तर 3 लाख खिशातून.

पॉलिसी सोडून नवी घेणं म्हणजे पोर्टिंग नव्हेच. खंड पडला की वेटिंग शून्यापासून, आणि तेही कुणी पॉलिसी दिली तर. वार्षिक हप्त्याला 30 दिवसांचा ग्रेस, म्हणजे उशिरा भरायची सवलत, असतो, त्यात सलगता टिकते. पण हप्ता भरेपर्यंतच्या दिवसांत ॲडमिट झालात तर तो खर्च मिळत नाही.

बदलायचंच असेल तर पॉलिसीच्या मजकुरात पोर्टेबिलिटीचं कलम वाचा. बहुतेकांत रिन्यूअलच्या आधी 60 ते 45 दिवस अशी खिडकी असते. रिन्यूअल 10 मार्चला असेल तर 9 ते 24 जानेवारी. सोबत आधीच्या सगळ्या वर्षांच्या पॉलिसी, डिस्चार्ज समरी, ताजा टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), एचबीए1सी (साखरेची तीन महिन्यांची सरासरी) आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) यांचे रिपोर्ट जोडा. नव्या पॉलिसीत रूम रेंटची मर्यादा आणि को-पे (बिलातला तुम्ही भरायचा वाटा) किती, ते बघा. लेखी होकार हातात येऊन नवी पॉलिसी सुरू होण्याची तारीख पक्की होईपर्यंत जुनी सोडू नका, आणि 10 मार्चपर्यंत उत्तर आलं नाही तर जुन्याच कंपनीचा हप्ता भरून टाका. मामांनी काल भरला.