सामान्य पाऊस म्हणे

आज सकाळी भावाने येळ्ळूरच्या शेतातून फोटो पाठवला. कापून पसरलेलं बासमतीचं भात आणि त्यावर घोटाभर पाणी. फोटो बघतेय तोवर त्याच ग्रुपवर कुणीतरी यंदाच्या पावसाळ्याचा गोषवारा टाकला. जिल्हा बेळगाव, पाऊस सामान्य. खाली एकाने अंगठा दाखवलेला.

त्या अंगठ्याने डोकं फिरलं म्हणून हे लिहितेय.

आधी ‘सामान्य’ म्हणजे काय ते ऐका. हवामान खात्याच्या हिशेबात जिल्ह्याचा पाऊस सरासरीपेक्षा १९ टक्के कमी पडला तरी सामान्य, १९ टक्के जास्त पडला तरी सामान्यच. बाजारात कुणी किलोला ८१० ग्रॅम साखर बांधून दिली तर आपण त्याला सामान्य किलो म्हणतो काय? दुकान डोक्यावर घेऊ की!

आणि सरासरी कुणाची, तर कणकुंबीची आणि अथणीची मिळून. एकीकडे मलप्रभेचा उगम, पावसाळ्यात आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत. दुसरीकडे वर्षाला पाचसहाशे मिलिमीटर झाला तर लोक नारळ फोडतात. खात्याच्या विभागवार नकाशात तर अख्खा जिल्हाच ‘उत्तर अंतर्गत कर्नाटक’, बिदर-रायचूरच्या पंगतीत. खानापूरच्या जंगलात पायाला जळवा लागलेल्या माणसाला हे सांगून बघा.

आमच्या आप्पांनी आयुष्यात कधी मिलिमीटर लिहिला नाही. अंगणात, झाडापासून आणि पागोळ्यांपासून लांब, डालड्याचा रिकामा डबा ठेवायचे. सकाळी त्यात बोटं बुडवायची आणि कॅलेंडरच्या चौकोनात लिहायचं. ‘तीन बोटं.’ ‘पाच बोटं, व्हळ भरला.’ ‘नुसतं शिंतोडं.’ आम्ही पोरं हसायचो. पुढे कॉलेजात कळलं की सरळ भिंतीच्या कुठल्याही भांड्यात साचलेल्या पाण्याची उंची म्हणजेच पाऊस. सरकारी पर्जन्यमापक तरी दुसरं काय करतो? घमेलं ठेवलं असतं तर आप्पा चुकले असते. डबा बरोबर होता.

२०१९ च्या ऑगस्टात बळ्ळारी नाला आणि शिवार एक झालं, तेव्हा एका चौकोनात आप्पांनी लिहिलंय, ‘डबा भरला. मोजता आला नाही.’ त्याच वर्षीचा देशाचा हिशेब काढा. जूनमध्ये पाऊस ३३ टक्के कमी, आणि हंगाम संपताना सरासरीच्या ११० टक्के. म्हणजे जूनमध्ये करपलेलं आणि ऑगस्टमध्ये कुजलेलं भात बेरजेत एकमेकांची फिट्टंफाट करून मोकळं! आणि वर ‘यंदा पाऊस चांगला झाला’.

त्या वर्षी भरपाईच्या वेळी मी ते कॅलेंडर घेऊन एका कचेरीत गेले होते भांडायला. म्हटलं, डबा भरला त्या तारखेला तुमच्याकडे जवळजवळ काही नाही आणि सगळा पाऊस दुसऱ्या दिवशी दाखवलाय, ही कसली नोंद? तिथला माणूस शांतपणे म्हणाला, “बाई, आमचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. रात्री पडलेला दुसऱ्या तारखेत जातो.” आप्पा रात्रीचा पाऊस आदल्या तारखेत लिहायचे. त्या माणसाचं बरोबर होतं. तोंड पाडून बाहेर आले. पण मागच्या बाजूला बघते तर पर्जन्यमापकावर जांभळीची फांदी आणि वरच्या नरसाळ्यात कुजका पाला! झाड असो, इमारत असो, उंचीच्या निदान दुप्पट अंतर सोडायचं असतं. परत आत जाऊन सांगितलं तर म्हणतो, झाड तोडायला परवानगी लागते. आमचे आप्पा सातवी शिकलेले, त्यांना झाडापासून लांब ठेवायचं कळत होतं.

माहीत आहे, आता ग्रामपंचायतीतून दर पंधरा मिनिटांनी आकडा पाठवणारी यंत्रं बसलीत आणि या कामात कर्नाटक बऱ्याच राज्यांच्या पुढे आहे. (हे लिहिताना हात जड होतोय, पण आहे.) मग गोषवारा काढताना ते आकडे जातात कुठे? लोकांच्या हातात एकच शब्द का पडतो? परिपत्रकं कानडीत येतात ते तर सोडाच, त्यावर लिहायला बसले तर रात्र पुरायची नाही.

आता खरी गंमत. सरकारी पावसाळा १ जूनला उघडतो आणि ३० सप्टेंबरला मिटतो. २०२५ मध्ये मान्सून २४ मे रोजी केरळात आला असं खात्यानेच जाहीर केलं, पण मेमधला तो सगळा पाऊस वहीत मान्सूनपूर्व! आमच्याकडे धूळवाफ पेरायला, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत भात पेरायला, धूळच उरली नव्हती. आणि शेवटाकडे बघा. हस्त लागतो २७ सप्टेंबरच्या सुमाराला, मग चित्रा, मग स्वाती. भात पिकतं आणि कापलं जातं ते याच दिवसांत. म्हणजे भावाच्या फोटोतलं पाणी पावसाळ्याच्या हिशेबात नाहीच. पीक पाण्यात आणि पावसाळा कधीच संपलेला.

कुठेतरी तारीख धरावी लागते, कबूल. शंभर वर्षांची तुलना करायची तर दरवर्षी सीमा हलवून कसं चालेल? पण मग तसं लिहा ना, की हा जून ते सप्टेंबरचा हिशेब आहे, शेताचा नव्हे. एक ओळ जास्त पडेल.

सकाळपासून दोनदा हे पुसून परत लिहिलं. आता राग थोडा खाली बसलाय. दुपारी माळ्यावरून आप्पांची कॅलेंडरं काढली. एकोणीस निघाली, दोनांना वाळवी. पुनर्वसूच्या पावसाला तरणा म्हणतात, पुष्याच्याला म्हातारा. म्हणून पुनर्वसूच्या दिवसांत ‘तरणा बरा’, पुष्यात ‘म्हातारा नुसता खोकतोय’. एका चौकोनात पाऊस नाहीच, फक्त माझ्या बारावीचे टक्के लिहिलेत.

तुमच्या घरी अशी कॅलेंडरं असतील, शाहापूर, वडगाव, हलगा, जांबोटी, निपाणी, कुठलीही, तर रद्दीत घालू नका. फोटो काढून मला पाठवा. बोटं असली तरी चालतील.

संध्याकाळी भावाला फोन केला. डबा अजून अंगणात आहे, काठ गंजलाय. किती भरला विचारलं तर म्हणाला, “साडेतीन बोटं. पण माझी बोटं आप्पांपेक्षा जाड हायत गे, ते धरूनच लिहूस पायजे.”