नजरेनं डोळे येत नाहीत

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरतोय: 'डोळे आलेल्याकडे पाहू नका, नजरेनं लागतात. मेडिकलमधला स्टेरॉइडचा ड्रॉप घाला, एका रात्रीत साफ.' दोन्ही गोष्टी चूक आहेत.

साथ पसरते हातांनी. बहुतेक वेळा कारण असतो अॅडिनोव्हायरस. पोरगं डोळा चोळतं, त्याच हातानं मोबाइल धरतं, मग तोच मोबाइल आजी घेते; घरात दुपट्टाही एकच. काळ्या चष्म्यानं उजेड खुपत नाही इतकंच, दुसऱ्याचा बचाव होत नाही. पाणी गळतं, खुपतं, सकाळी चिपडांनी पापण्या चिकटतात. हे सहसा एक-दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. स्वच्छ ओल्या कापसानं पुसायचं, थंड पट्टी ठेवायची.

ड्रॉपचं मात्र मनावर घ्या. स्टेरॉइडनं लाली झटकन उतरते, म्हणून तो गुणकारी वाटतो. पण लाल डोळा म्हणजे दरवेळी साथच नसते. धान कापताना पातं लागलं, कडबा उचलताना कुसळ गेलं, तर बुबुळावर बुरशीची जखम होऊ शकते, आणि स्टेरॉइड त्या बुरशीला मोकळं रान देतं. बुबुळावर पांढरा ठिपका, खूप ठणका, अंधुक दिसणं, उजेड अजिबात न सोसणं, यातलं काहीही असलं तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. मध, गुलाबपाणी, आईचं दूधही डोळ्यात नको.

कपाशीवर फवारताना औषध उडालं तर आधी तिथंच, धुऱ्यावरच्या कॅनमधल्या स्वच्छ पाण्यानं पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवा. गाडी नंतर काढा.